घरच्या संगणकाला विषाणुबाधा झाली असतां

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड अशा गांवांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत संगणक ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. पूर्वीं ज्या लोखंडी पेटींत जमिनीचे कागद, शाळा सोडल्याचे दाखले, विम्याच्या पावत्या आणि लग्नाचीं छायाचित्रें ठेवीत, त्या पेटीचें काम आज या यंत्रानें उचललें आहे. सातबाराचा उतारा, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची पावती, कृषि विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलाचा अर्धवट लिहून झालेला प्रबंध, दिवंगत आजोबांच्या आवाजाचें एखादें ध्वनिमुद्रण, हें सर्व हाताच्या पंजाएवढ्या एका भागांत सांठविलेलें असतें. जुन्या पेटीला एकच कुलूप असे आणि त्याची किल्ली कर्त्या माणसापाशीं असे. या नव्या पेटीला मात्र अनेक दारें आहेत, आणि त्यांपैकीं कोणतें उघडें राहिलें आहे, हें बहुधा घरांत कोणासच ठाऊक नसतें.

अशा घरांत एके दिवशीं यंत्र सुरू करावें आणि नेहमींच्या फाइली दिसूं नयेत, किंवा पडद्यावर भलत्याच जाहिरातींचा पाऊस पडावा, म्हणजे सगळ्यांचीच तारांबळ उडते. यंत्र उचलून दुरुस्तीच्या दुकानांत नेलें जातें. तेथें पहिला प्रश्न येतो, “फॉरमॅट मारूं का?” आणि घाबरलेला गृहस्थ, त्या शब्दाचा अर्थ पुरता न समजतां, “मारा” म्हणून मोकळा होतो. पुष्कळ घरांत खरी हानि होते ती विषाणूनें नव्हे, तर या एका उत्तरानें. यंत्र पुन्हां विकत मिळतें. प्रबंधाचें तिसरें प्रकरण किंवा आजोबांचा आवाज बाजारांत मिळत नाहीं. म्हणून अशा प्रसंगीं काय करावें याइतकेंच तें कोणत्या क्रमानें करावें, हें जाणून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम विषाणु म्हणजे काय, तें पाहूं. संगणकाला जीं कामें सांगावयाचीं तीं आज्ञांच्या रूपानें सांगावीं लागतात, आणि अशा आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. विषाणु हीहि एक आज्ञावलीच होय. मात्र ती मालकाच्या संमतीवांचून चालते आणि स्वतःच्या प्रती काढून दुसऱ्या आज्ञावलींना चिकटविते. १९८३ सालीं अमेरिकेंत फ्रेड कोहेन या विद्यार्थ्यानें अशी आज्ञावली प्रयोगादाखल करून दाखविली, आणि तिला विषाणूची उपमा त्याचे अध्यापक लिओनार्ड ॲडलमन यांनीं सुचविली. आयबीएम पीसी पद्धतीच्या संगणकांत पसरलेला पहिला विषाणु ‘ब्रेन’ हा १९८६ सालीं लाहोर येथील दोघां भावांनीं लिहिला. आपली आज्ञावली फुकट उतरवून घेणाऱ्यांस पकडावें, हा त्यांचा हेतु. म्हणून त्यांनीं विषाणूंतच आपलें नांव, पत्ता व दूरध्वनि क्रमांक घालून ठेवले होते. त्या काळच्या फ्लॉपी तबकड्यांवर बसून तो देशोदेशीं पोहोंचला. उलट, आपल्या महाराष्ट्रांत कैलास व संजय काटकर या दोघां भावांनीं पुण्यांत यंत्रदुरुस्तीच्या लहानशा दुकानापासून आरंभ करून १९९० नंतरच्या दशकांत प्रतिविषाणु आज्ञावली तयार केली, आणि पुढें ती ‘क्विक हील’ या नांवानें देशभर प्रसिद्धीस आली.

आज ज्यास सरसकट ‘व्हायरस’ म्हणतात, त्याचे वस्तुतः कित्येक प्रकार आहेत. कोणाच्या मदतीवांचून एका यंत्रांतून दुसऱ्यांत सरपटत जाणारा तो कृमि होय. उपयुक्त वस्तूचें सोंग घेऊन आंत शिरणारा तो ट्रोजन घोडा होय. घरांतील परवलीचे शब्द गोळा करून परक्याकडे पाठविणारा चोर निराळा. आणि फाइलींना न उघडणारें कुलूप घालून पैसे मागणारा खंडणीखोर निराळा. रोग ओळखल्याशिवाय औषध देतां येत नाहीं, म्हणून हा भेद ध्यानांत ठेवावा.

तथापि प्रत्येक मंदपणा म्हणजे विषाणु नव्हे. परभणीचा उन्हाळा ४४ अंशांच्या पुढें जातो. अशा वेळीं पंख्याच्या जाळींत धूळ सांचलेली असली, म्हणजे संगणकाचा मुख्य भाग तापतो आणि स्वतःच्या रक्षणासाठीं आपली गति कमी करतो. जुनी फिरती तबकडी झिजत आली असली, तरी यंत्र रखडतें व अधूनमधून खट्खट् असा आवाज करतें. अशी तबकडी तर फार चालवूंहि नये, कारण प्रत्येक फेऱ्यागणिक तिची झीज वाढते. उलट, न मागतां पानें उघडणें, नको असलेली आज्ञावली आपोआप सुरू होणें, प्रतिविषाणु आज्ञावली कोणी तरी बंद केलेली आढळणें, फाइलींच्या नांवांपुढें अनोळखी अक्षरें लागणें, आपल्या नांवानें मित्रांना आपण न लिहिलेले संदेश जाणें, हीं बाधेचीं लक्षणें समजावीं.

लक्षणें पटलीं कीं पहिलें कर्तव्य विलगीकरणाचें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पुढें तो सर्वत्र पसरला, तेव्हां गांवोगांवचे लोक घरें सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले. घरें धुऊन स्वच्छ झाल्यावरच परतले. संगणकाच्या बाबतींतहि तोच न्याय आहे. इंटरनेटची तार काढावी, वाय-फाय बंद करावा, जोडलेले पेन ड्राइव्ह, बाहेरची तबकडी व मोबाइल तत्काळ अलग करावे. पडद्यावर कांहीं मजकूर दिसत असेल, तर मोबाइलनें त्याचें छायाचित्र घेऊन ठेवावें. पुढें प्रकार ओळखण्यास तें उपयोगी पडतें. फाइलींचीं नांवें डोळ्यांदेखत बदलत असतील, तर मात्र विचार करीत बसूं नये. यंत्र सरळ बंद करावें. कुलूप घालण्याचें काम चालूं असतें तें वीज तोडल्यानें थांबतें, आणि जेवढें वांचलें तेवढें वांचतें.

दुसरें कर्तव्य परवलीच्या शब्दांचें. हें काम बाधित यंत्रावरून कदापि करूं नये. तसें करणें म्हणजे चोर माजघरांत बसला असतांना नव्या कुलपाची किल्ली त्याच्यासमोर ठेवणें होय. शेजाऱ्याचा स्वच्छ संगणक किंवा विश्वासाचा मोबाइल घेऊन प्रथम ई-मेलचा, नंतर बँकेचा व मग इतर ठिकाणांचा परवलीचा शब्द बदलावा. ई-मेलला प्रथम मान देण्याचें कारण उघड आहे: बाकीच्या सर्व ठिकाणांचा शब्द ‘विसरलों’ असें सांगून ई-मेलच्या द्वारें बदलतां येतो. केवळ शब्द बदलून भागत नाहीं. ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ असा पर्यायहि निवडावा. चोरानें उघड्या सत्राची खूण पळविलेली असली, तर परवलीचा शब्द न कळतांहि त्याला आंत वावरतां येतें. बँकेच्या खात्यांतून पैसे गेले असतील, तर बँकेस कळवून १९३० या राष्ट्रीय साहाय्यक्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. येथें तासांना मोल असतें. रक्कम पुढील खात्यांतून निघून जाण्यापूर्वीं तक्रार पोहोंचली, तरच ती अडविण्याची आशा असते.

तिसरें कर्तव्य हें साऱ्यांत महत्त्वाचें, आणि तेंच नेमकें गाळलें जातें. यंत्र स्वच्छ करण्यापूर्वीं कागदपत्रें बाहेर काढावीं. यासाठीं एक सोपी युक्ति आहे. विषाणु हा त्या यंत्रांतील विंडोज चालूं झाल्यावरच जागा होतो; विंडोज चालूंच केली नाहीं तर तो निद्रिस्त राहतो. म्हणून दुसऱ्या स्वच्छ संगणकावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली एका पेन ड्राइव्हवर तयार करून घ्यावी, आणि बाधित यंत्र त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावें. मग आंतील फाइली दिसतात व दुसऱ्या तबकडीवर उतरवून घेतां येतात. कांहीं नव्या यंत्रांत संपूर्ण सांठा सांकेतिक लिपींत ठेवलेला असतो; तेथें ४८ अंकांची पुनःप्राप्तीची किल्ली लागते, व ती सामान्यतः मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत नोंदलेली असते. ती आधींच कागदावर उतरवून ठेवणें शहाणपणाचें.

काय उतरवावें आणि काय सोडावें, याचाहि विवेक हवा. छायाचित्रें, ध्वनिमुद्रणें, लेख, हिशेबाचीं पत्रकें घ्यावीं. आज्ञावली मात्र एकहि घेऊं नये, कारण विषाणूची वस्ति बहुधा तेथेंच असते. घेतलेल्या फाइलीहि स्वच्छ यंत्रावर तपासून घेतल्याशिवाय उघडूं नयेत. लेख व पत्रकें यांच्या पोटांत मॅक्रो नांवाच्या लहान आज्ञा असूं शकतात. उघडतांना ‘मजकूर सक्षम करा’ अशी विचारणा झाली, तर नकार द्यावा.

मराठी घरांत येथें आणखी एक अडचण उभी राहते, आणि तिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत सांपडत नाहीं. जुने मराठी लेख श्रीलिपीसारख्या पद्धतींत, युनिकोडपूर्वींच्या टंकांत लिहिलेले असतात. त्या लेखांतील अक्षरें वस्तुतः इंग्रजीच्या स्थानांवर बसविलेलीं असतात, आणि विशिष्ट टंक यंत्रांत असेल तरच तीं देवनागरी दिसतात. यंत्र पुसून नवी प्रणाली घातली कीं टंक नाहींसा होतो, आणि वीस वर्षांचें लेखन निरर्थक रोमन अक्षरांची भेळ होऊन समोर येतें. घरच्या माणसांस वाटतें, विषाणूनें लेख नासले. ते तसेच फेकूनहि दिले जातात. वास्तविक लेख जसेच्या तसे असतात. मूळ टंक पुन्हां घातला कीं ते वाचतां येतात. म्हणून यंत्र पुसण्यापूर्वीं कोणकोणते टंक वापरांत होते याची यादी करावी, त्यांची मूळ तबकडी शोधून ठेवावी, आणि सवड होतांच महत्त्वाचे लेख युनिकोडमध्यें रूपांतरित करून घ्यावे.

आतां एका नित्याच्या रोगाचें उदाहरण घेऊं. एखादी विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचे कागद छापून घेण्यासाठीं पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानांत नेते. घरीं येऊन पाहते तों सर्व फोल्डरांच्या जागीं लहान बाणाच्या खुणा असलेलीं चिन्हें दिसतात. यासच लोक ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणतात. येथें कृमीनें फाइली पुसलेल्या नसतात. त्यानें फक्त खऱ्या फोल्डरांना ‘गुप्त’ व ‘प्रणालीचे’ अशीं लेबलें लावून दृष्टीआड केलेलें असतें, आणि त्यांच्याच नांवाचीं खोटीं चिन्हें पुढें मांडलेलीं असतात. चिन्हावर टिचकी मारली, कीं प्रथम कृमि चालूं होतो आणि नंतर खरा फोल्डर उघडतो. त्यामुळें वापरणाऱ्यास संशयहि येत नाहीं, आणि घरचा संगणक बाधित होतो. पेन ड्राइव्हवर मूळची जेवढी जागा व्यापलेली होती तेवढीच अजून व्यापलेली दिसली, तर फाइली सुरक्षित आहेत असें समजावें.

उपाय असा: प्रथम संगणक स्वच्छ करावा, नंतर पेन ड्राइव्ह. हा क्रम उलटा केला तर पेन ड्राइव्ह जोडतांच पुन्हां बाधित होतो, आणि लोक ‘हा व्हायरस जातच नाहीं’ म्हणून कपाळाला हात लावतात. संगणक स्वच्छ झाल्यावर पेन ड्राइव्ह तपासून खोटीं चिन्हें व अनोळखी आज्ञावली काढून टाकाव्या. मग गुप्त फाइली दाखविण्याचा पर्याय निवडून, किंवा ‘ॲट्रिब’ या आदेशानें तीं लेबलें उतरवून, खरे फोल्डर पुन्हां दृष्टीस आणावे. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्याची येथें मुळींच गरज नसते. शिष्यवृत्तीची मुदत उद्यां संपत असेल, तर एवढ्याशा ज्ञानावर एका मुलीचें वर्ष अवलंबून असूं शकतें.

संगणक स्वच्छ करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग औषधोपचाराचा. विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडर या रक्षक आज्ञावलींत ‘ऑफलाइन स्कॅन’ नांवाची सोय आहे. ती यंत्र पुन्हां सुरू करून, विंडोज पूर्ण जागी होण्यापूर्वींच तपासणी करते. म्हणून खोल दडलेला विषाणुहि तिच्या हातीं लागण्याचा संभव अधिक असतो. भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’नेंहि २०१७ सालापासून विनामूल्य साधनें उपलब्ध केलीं आहेत. एकाच यंत्रांत दोन प्रतिविषाणु आज्ञावली मात्र कायमच्या ठेवूं नयेत. त्या एकमेकींच्या कामांत अडथळा आणतात.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा, म्हणजे सर्व पुसून विंडोज नव्यानें घालणें. परवलीचे शब्द चोरणारा किंवा परक्यास यंत्राचा ताबा देणारा प्रकार आढळला, अथवा स्वच्छ करूनहि लक्षणें परत आलीं, तर हाच मार्ग धरावा. यासाठीं मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनानें, दुसऱ्या स्वच्छ संगणकावर, किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करावा. दुकानांत स्वस्तांत मिळणारी कुलूप तोडलेली प्रत घेऊं नये. ज्या दारानें रोग येतो तेंच दार त्यानें पुन्हां उघडतें. विंडोज १० ला मिळणारा नेहमींचा मोफत सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. तेव्हां नव्यानें घालावयाचीच आहे, तर यंत्रास झेपत असल्यास पुढील आवृत्ति घालावी, न झेपल्यास लिनक्सचा विचार करावा.

फॉरमॅट चुकून होऊन गेलाच असेल, तरी लगेच आशा सोडूं नये. जलद फॉरमॅटनें जुन्या फिरत्या तबकडीवरील मजकूर पुसला जात नाहीं. पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानें तशींच राहतात. त्या तबकडीवर नवें कांहीं लिहिलें नाहीं, तर जाणकार मनुष्य बरेंच परत मिळवूं शकतो. म्हणून असें घडतांच यंत्राचा वापर थांबवावा. नव्या पद्धतीच्या एसएसडीवर मात्र रिकामी झालेली जागा यंत्र स्वतःच झाडून टाकतें, आणि तेथें परतीची आशा फारच थोडी असते.

राहतां राहिला खंडणीखोर. यासंबंधीं एक प्रसंग सर्वांनीं ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या सुधारणेंतून ‘नॉटपेट्या’ नांवाचा कृमि बाहेर पडला, आणि मर्स्क या डॅनिश नौकानयन कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेंत शिरला. त्याच समूहाकडून चालविलें जाणारें, मुंबईजवळील न्हावा-शेवा बंदरांतील एक टर्मिनलहि त्यामुळें ठप्प झालें. पडद्यावर ३०० डॉलरांची मागणी झळकत होती. परंतु पैसे दिल्यानें कुलूप उघडण्याची सोयच त्या कृमींत नव्हती, आणि हल्लेखोरांचा ई-मेलचा पत्ताहि कांहीं तासांतच बंद करण्यांत आला. ज्यांनीं पैसे भरले त्यांचे पैसेहि गेले आणि फाइलीहि गेल्या.

मर्स्कचे जगभरचे मुख्य नोंदणी-संगणक एकामागून एक नष्ट झाले. एकच वांचला, तो आफ्रिकेंतील घाना देशांतला. कारण हल्ल्याच्या वेळीं तेथें वीज गेलेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनीनें आपली यंत्रणा पुन्हां उभारली. दहा दिवसांत सुमारें ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें सज्ज करावे लागले. भारनियमनाला नित्य दोष देणाऱ्या आपल्या भागांतील श्रोत्यांना हें ऐकून हंसूं येईल. परंतु त्यांतील तत्त्व गंभीर आहे. जी प्रत जोडलेली नव्हती, तीच उरली.

घरच्या संगणकाला खंडणीखोरानें ग्रासलें, तर पैसे देऊं नयेत. कुलूप घातलेल्या फाइली जपून ठेवाव्या, पुसूं नयेत. २०१६ सालीं नेदरलंडचे पोलीस, युरोपोल व कांहीं सुरक्षा कंपन्या यांनीं ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. ज्या ज्या प्रकारांच्या किल्ल्या हातीं लागतात, त्या तेथें विनामूल्य ठेवल्या जातात. आज किल्ली नसली तरी ती पुढें मिळूं शकते. असें पूर्वीं घडलेलें आहे.

अखेरीस, या साऱ्या यातायातींतून कायमची सुटका एकाच संवयीनें होते. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्या. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि एक प्रत घराबाहेर, भावाच्या किंवा लेकीच्या घरीं असावी. बाहेरची तबकडी प्रत काढण्यापुरतीच जोडावी आणि लगेच काढून कपाटांत ठेवावी. सतत जोडलेली प्रत ही प्रत नव्हे, ती संकटाची भागीदार होय. महिन्यांतून एक दिवस, जसा वीजबिलाचा, तसा या कामाचा ठरवून टाकावा, आणि वर्षांतून एकदां त्या प्रतींतील दोनचार फाइली उघडूनहि पाहाव्या. कारण न तपासलेली प्रत ऐन वेळीं उघडेलच असें नाहीं. ज्या घरीं एवढी व्यवस्था आहे, त्या घरच्या माणसाला दुकानदारानें “फॉरमॅट मारूं का?” असें विचारलें, तर तो निर्धास्तपणें होकार देऊं शकतो. इतरांनीं मात्र त्या प्रश्नास आधीं एकच उत्तर द्यावें: “थांबा, अगोदर कागद बाहेर काढूं.”